राजदूत, अकोल्याचे अंबादास आणि मोरपिसांचा टोप

प्रश्न : अकोल्यात जन्मलेले चित्रकार अंबादास खोब्रागडे यांच्याविषयी मुलांना शिकवताना ऑक्टेव्हियो पाझ या मेक्सिकन राजदूताचे नाव येते. वकिलातीतला माणूस आपल्या चित्रकारांसाठी करतो तरी काय? पैसे देतो का?
– चित्रकला शिक्षक, ता. बार्शीटाकळी

उत्तर : मोठे काम पैशाने झाले नाही, लेखणीने झाले. पाझ १९६२ ते १९६८ दिल्लीत राजदूत होते, पण मुळात ते कवी. पुढे १९९० साली त्यांना नोबेल मिळाले. त्या काळात अंबादास, जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख असे १२ जण ‘ग्रुप १८९०’ नावाने एकत्र आले. हे साल नव्हे बरं. भावनगरच्या ज्या घरी बैठक झाली, त्या घराचा तो क्रमांक. मुले इथे हमखास चुकतात.

ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात त्यांचे प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि कॅटलॉगचा लेख पाझ यांनी लिहिला. जुन्या भारतीय परंपरेकडे वळलेल्या बंगाल शैलीचे पुनरुज्जीवन नको आणि युरोपची नक्कलही नको, असा या मंडळींचा पवित्रा होता. पाझ तर पॅरिसच्या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्ने आणि नेणीव मांडणाऱ्या, लेखक-चित्रकारांत वावरलेले. अशा माणसाने नवख्या चित्रकारांवर सही करून लिहिले, की इतर वकिलाती आणि वर्तमानपत्रेही वळून पाहतात. राजदूताचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही.

मर्यादाही सांगा. या गटाचे दुसरे प्रदर्शन झालेच नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिकोत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्याच्या निषेधार्थ पाझ यांनी पद सोडले आणि दिल्लीही सुटली. पुढे १९८२ साली भोपाळच्या भारत भवनात स्वामिनाथन यांनी आदिवासी आणि शहरी चित्रे एका छताखाली मांडली. ते कर्तृत्व त्यांचे. पाझ यांच्या खात्यात ते घालू नये. अंबादास नॉर्वेत स्थायिक झाले.

प्रश्न : आमचे दंडारीचे, म्हणजे गोंडांच्या समूहनृत्याचे, पथक आहे. परदेशातल्या आपल्या वकिलातीला पत्र लिहिले तर बोलावतील का?
– ता. जिवती, जि. चंद्रपूर

उत्तर : नुसत्या पत्राने सहसा काम होत नाही. वकिलातीचा सांस्कृतिक अधिकारी पथके बहुधा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडून मागवतो. ही परिषद १९५० पासून आहे आणि कलाकारांची यादी ठेवते. आधी त्या यादीत नाव घालण्यासाठी अर्ज करा. सोबत न कापलेला, एका कॅमेऱ्याने घेतलेला व्हिडिओ द्या. ड्रोन आणि फिल्मी संगीताचा उपयोग नाही. माणसे किती, खेळ किती मिनिटांचा, ढोल, तुडूम, पेपरे ही वाद्ये किती आणि मोकळी जागा किती लागेल, हे एका पानावर लिहा. गावात ३० जण नाचत असतील तर १० जणांत बसणारा खेळही तयार ठेवा, कारण विमानाची तिकिटे मोजूनच मिळतात.

पासपोर्ट आधीच काढा. आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, यातच बहुतेकांचा वेळ जातो. कातड्याच्या वाद्यांसाठी काही देश पशुवैद्यकीय कागद मागतात, ते व्हिसासोबतच विचारून घ्या.

सर्वांत मोठी अडचण गुसाडीच्या, म्हणजे दंडारीत मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्याच्या, टोपाची. मोरपिसे आणि त्यांच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. पिसे आपोआप गळालेली आहेत, हे कारण विमानतळावर चालत नाही. टोपाशिवाय गुसाडी नाचवायचा की पथकाने फक्त दंडार न्यायची, हे पूजेचा मान असलेल्या जाणत्यांनी ठरवावे. जे ठरेल ते वकिलातीला फोटोसह आधीच कळवा, नाहीतर तिकडे पोस्टरवर तोच टोप छापून तयार असतो.