तिकीट लावून भुताचा वाडा उभारतोय. फ्रेडी क्रूगर, जेसन यांसारखी सिनेमातली पात्रं वापरली तर चालेल का?

परवानगीशिवाय नको. हे चेहरे दुसऱ्यांच्या मालकीचे आहेत, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्ही आड येतात. पार्टीला मुखवटा घालणं वेगळं, त्यावर तिकीट विकणं वेगळं. आणि नुसतं नाव बदलून सुटका होत नाही: फ्रेडीचा पट्ट्यापट्ट्यांचा लाल-हिरवा स्वेटर, भाजलेला चेहरा आणि पात्यांचा हातमोजा दिसला की कोण आहे ते पोरंसुद्धा सांगतील. पोस्टरवर असं चित्र छापलंत तर पुरावा तुम्हीच वाटत फिरलात म्हणायचं!

जुनी मंडळी मात्र बऱ्यापैकी मोकळी आहेत. ड्रॅक्युला १८९७ च्या कादंबरीतला, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस १८१८ चा. पण इथेच लोक फसतात. चपटं डोकं आणि मानेत खिळे हे रूप कादंबरीत नाहीच, ते १९३१ च्या सिनेमातलं. कादंबरीतला राक्षस लांब काळ्या केसांचा, पिवळट कातडीचा आहे, आणि माझ्या मते जास्त भयानक. तोच उभा करा.

शिवाय ओळखीचा चेहरा दिसला की लोक घाबरायचं सोडून सेल्फी काढतात. अंधारात पाठमोरी बसलेली, हळूहळू मान वळवणारी अनोळखी म्हातारी जास्त किंकाळ्या काढते. तरी जेसनच हवा असेल, तर आधी लायसन्स घ्या.