विकत घेतलेलं पुस्तक उघडत नाही तेव्हा

ऑनलाइन खरेदीच्या परताव्याबद्दल लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत बरीचशी ई-पुस्तकं, कॅसेटी आणि डीव्हीडींबद्दलची होती. पैसे रीतसर मोजलेत, पण वस्तू हवी तशी वापरता येत नाही, हे सगळ्यांचं गाऱ्हाणं. ग्राहक आयोगापुढे वकिली करताना हा विषय माझ्याकडे सारखा येतो, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे.

ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. गेली काही वर्षं एका ॲपवरून मराठी ई-पुस्तकं विकत घेत आले. मोबाइल बिघडला म्हणून नवा घेतला, तर ‘उपकरणांची मर्यादा संपली’ असं येतं आणि एकही पुस्तक उघडत नाही. मेल केले, उत्तर नाही. ही पुस्तकं माझी नाहीत का? — एक वाचक, चिपळूण

बाई, तुम्ही पैसे मोजलेत ते पुस्तक वाचण्याच्या परवान्याचे. खातं उघडताना आपण ज्या लांबलचक अटी न वाचता मान्य करतो, त्यांत हे लिहिलेलं असतं: परवाना तुमच्यापुरता, दुसऱ्याला देता येणार नाही, कंपनीला तो मागे घेता येईल. कागदी पुस्तकाची गोष्ट वेगळी. ते एकदा विकलं की त्या प्रतीवर प्रकाशकाची सत्ता राहत नाही. तुम्ही ते मैत्रिणीला द्या, वाचनालयाला द्या, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकवाल्याला विका. सरकारचा करसुद्धा हा भेद धरून चालतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तक मात्र सेवेत मोडतं आणि छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा दर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला.

पण हीच गोष्ट तुमच्या कामाची आहे. सेवा म्हणून पैसे घेतले असतील, तर सेवेतल्या त्रुटीचा जाब द्यावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच आहे. मोबाइल बदलला की पुस्तकं बंद पडू शकतात, ही माझ्या मते महत्त्वाची माहिती आहे आणि ती पैसे भरायच्या पानावर ठळक दिसायला हवी होती.

आता काय करायचं ते सांगते. आधी पुरावा गोळा करा. पैसे भरल्याचे एसएमएस, पावत्या, ॲपमधली तुमच्या पुस्तकांची यादी आणि मर्यादा संपल्याचा तो संदेश, सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. ॲप काढून पुन्हा टाकायचा सल्ला कुणी देईल. यादीचे फोटो काढल्याशिवाय तसं करू नका. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं, त्याचं नाव-संपर्क साइटवर देणं, ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवणं आणि महिन्याभरात तिचा निकाल लावणं बंधनकारक आहे. ग्राहक सेवेच्या पत्त्यावर गेलेल्या मेलना बहुतेक ठिकाणी कुणी वाली नसतो. तिथेही काही हललं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीत बोलता येतं.

त्याच्या पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीत, तक्रार दाखल करता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तिच्या मागे तुम्ही जायचं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एक खाचखळगा आधीच दाखवते. अटीच अन्यायकारक आहेत, म्हणजे कायद्यातला ‘अनफेअर काँट्रॅक्ट’, असा मुद्दा जिल्हा आयोग घेऊ शकत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून जिल्ह्यात तक्रार फक्त सेवेतल्या त्रुटीवर बेता आणि मागणी साधी ठेवा: जुन्या मोबाइलची नोंद काढून नव्यावर पुस्तकं द्या, नाहीतर पैसे परत करा. पुस्तक दुसरीकडे उघडू किंवा कॉपी करू न देणारं डिजिटल कुलूप काढून फाइल द्या, अशी मागणी सुरुवातीलाच केलीत, तर प्रकरण त्याच मुद्द्यावर रेंगाळेल.

ही कुलपं किती दूरवरून फिरवता येतात, हे २००९ च्या जुलैमध्ये जगाने पाहिलं. ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून परस्पर पुसल्या, कारण ती आवृत्ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली, आणि एका विद्यार्थ्याने लावलेल्या दाव्यात तडजोडही केली. कागदी पुस्तकात अशी चूक झाली असती, तर प्रकाशक आणि लेखकाचे वारस आपसांत भांडले असते. तुमच्या घरात शिरून कपाटातलं पुस्तक कुणी नेलं नसतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे: कायमची मालकी मिळणार नसेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं बटण ठेवता येत नाही. आपल्याकडे असा नियम यायलाच हवा. मराठी ई-पुस्तकांचा वाचक बऱ्याचदा तुमच्यासारखा निवृत्त, वाचनावर जीव असलेला आणि तंत्राच्या भानगडीत न पडणारा असतो. सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच होतं.

वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या विकतच्या कॅसेटी आणि गावच्या सप्ताहात त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेली कीर्तनं आहेत. पेन ड्राइव्हवर घ्यायची होती. दुकानदार म्हणाला, ‘हा गुन्हा आहे, आम्ही करत नाही.’ खरं का? — एक वाचक, सातारा

तुमच्यापुरतं खरं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ प्रमाणे खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला उचित वापर हा उल्लंघन ठरत नाही. पूर्वी ही सवलत साहित्य, नाटक, संगीतरचना आणि चित्रांपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणं आणि चित्रपटही तिच्यात आले. विकत घेतलेली कॅसेट स्वतः ऐकण्यासाठी दुसऱ्या साधनावर घेणं यात बसतं, असं मी ठामपणे सांगते.

दुकानदाराची भीती अगदीच निराधार नाही. कॅसेटी आणून हजार गाण्यांचे पेन ड्राइव्ह भरून विकणारे बाजारात आहेत आणि त्यांना कलम ६३ लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. म्हणून काम शक्यतो घरीच करा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकात, आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागतं. आधी कॅसेट हातात घेऊन बघा. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध, फितीच्या मागे, पातळ पितळी पट्टीवर, नमद्याचा एक छोटा तुकडा चिकटवलेला असतो. जुन्या कॅसेटींत तो गळून पडतो आणि आवाज पिचका, कापसातून आल्यासारखा येतो. तो नसेल तर स्क्रूच्या कॅसेटचं कवच उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर वाजवूच नका; ती टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी बिघडवते. फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मग वाजवा. सी-६० म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे रेकॉर्डिंगलाही तेवढाच वेळ. घाई करू नका आणि पहिली प्रत डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या, स्वरूपात ठेवा. एमपीथ्री तिच्यावरून कधीही करता येते.

कीर्तनांचा मुद्दा जरा निराळा. कीर्तनकाराला सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. वडिलांनी स्वतःसाठी केलेलं रेकॉर्डिंग कायद्याला मान्यच आहे. पण ते यूट्यूबवर चढवायचं असेल, तर बुवांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. लेखी घ्या. माझा अनुभव असा, की घरचे आनंदाने देतात. आपल्या माणसाचा आवाज कुणीतरी जपला, याचंच त्यांना अप्रूप असतं.

पुण्याहून पाठवलेल्या मराठी चित्रपटांच्या अस्सल डीव्हीडी बहिणीकडे न्यू जर्सीत लागत नाहीत. बनावट माल मिळाला का? — एक वाचक, पुणे

बनावट असेलच असं नाही. डीव्हीडीला दोन वेगळे अडसर असतात. एक प्रदेशाचं कुलूप: अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. कव्हरमागे पृथ्वीच्या छोट्या चित्रात आकडा असतो. तिथे ‘ऑल’ किंवा ० असेल, तर हे कुलूप नाही. दुसरा अडसर चित्राच्या पद्धतीचा. आपल्याकडे पाल, तिकडे एनटीएससी, आणि तिकडचे बरेच प्लेअर पाल दाखवत नाहीत. आपल्या कित्येक डीव्हीडी सगळ्या विभागांसाठी खुल्या असूनही या पालपायी अडतात. संगणकाला पालची अडचण येत नाही. मात्र संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, शेवटी जो ठेवाल तो कायमचा. सगळे विभाग आणि दोन्ही पद्धती चालवणारा प्लेअर तिकडे विकत मिळतो, तोच घ्यायला सांगा. कुलूप तोडून कॉपी काढायच्या फंदात बहिणीने पडू नये. आपला कायदा त्यामागचा हेतू बघतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणंच मुळात बेकायदा आहे, प्रत स्वतःच्या वापराची असली तरी.

साने गुरुजींचं ई-पुस्तक घेतलं. त्यातला एक उतारासुद्धा कॉपी होत नाही. शाळेच्या कार्यक्रमासाठी हवा होता. — एक वाचक, धुळे

लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. प्रकाशकाने नवी प्रस्तावना, टिपा, चित्रं घातली असतील, तर तेवढ्यावर त्यांचा हक्क आहे. मूळ मजकुरावर कुणाचाच नाही. उतारा हाताने टाइप करा, किंवा मराठी विकिस्रोत या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतो का ते पाहा. मुक्त झालेल्या मजकुराला कुलूप घालून विकणं मला पटत नाही आणि प्रकाशकांना मी तसं सांगतेही.

यजमान गेले. त्यांच्या ई-पुस्तकांच्या खात्यात आयुष्यभराचं वाचन आहे. मुलीच्या नावावर होईल का? — एक वाचक, नागपूर

ताई, तुमचं दुःख मी समजू शकते. अटींप्रमाणे खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही आणि वारसाचा दाखला दाखवला तरी कंपन्या अटींवरच बोट ठेवतात. तरी एक गोष्ट तुमची आहे. पुस्तकांच्या कडेला त्यांनी लिहिलेल्या टिपा हे त्यांचं स्वतःचं लेखन, आणि त्याचा कॉपीराइट वारसांकडे येतो. त्या टिपा फाइलच्या रूपात द्या, असं कंपनीला लेखी मागा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा किंमत तर परत केलीच, शिवाय ज्यांनी टिपा आणि खुणा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर वेगळे दिले. टिपांना मोल असतं हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. टिपा हातात पडेपर्यंत ते गेल्याचं कळवून खातं बंद करायला सांगू नका, आणि त्यांचा टॅब कुणालाही ‘रिसेट’ करू देऊ नका.

माझ्या मुलीला दिसत नाही. बी.ए.ला आहे. नेमलेलं पुस्तक ॲपवर घेतलं, पण पानं चित्रासारखी आहेत, मोबाइल ती वाचून दाखवत नाही. शेजारचा मुलगा मजकूर बाहेर काढून देतो म्हणतो. त्याला त्रास होईल का? — एक आई, कोल्हापूर

निर्धास्तपणे काढून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ५२(१)(झेडबी) तुमच्या मुलीसाठीच आहे. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत कुणीही करून देऊ शकतं, आणि ती दुसऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला अभ्यासासाठी देताही येते. कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं कलम ६५अ आहे खरं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला लागतं. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलेल्या कुलपाला ते लागू नाही. अट एकच: मदत करणाऱ्याने, ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता, काम कशासाठी केलं, याची पूर्ण नोंद ठेवायची. शेजारच्या मुलाला साध्या वहीत एक पान लिहायला सांगा, सोबत पुस्तकाची पावती आणि मुलीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स लावा. प्रत डोळस वर्गमित्रांना मात्र देऊ नका आणि कुणाकडून पैसे घेऊ नका.

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं सुलभ करण्याचा मराकेश करार झाला, तेव्हा त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या सदस्य संस्थेमार्फत तिथे मुलीचं नाव नोंदवा. मराठी पुस्तकंही आहेत. आणि प्रकाशकाला एक पत्र पाठवाच: पुस्तकाची युनिकोड फाइल, म्हणजे मोबाइलला वाचून दाखवता येईल अशा अक्षरांची फाइल, द्या, आम्ही पैसे भरलेत. पत्र मुलीच्या सहीने जाऊ द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर त्याची प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्याकडे पाठवा. पुढची नोटीस मी लिहून देईन.