म्हाताऱ्या म्हशीचं क्लोनिंग केलं तर तीच म्हैस परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की घरची मुऱ्हा म्हैस भरात असताना दिवसाला चौदा लिटर दूध द्यायची, आता ती म्हातारी झालीय. तिचं क्लोनिंग केलं तर तीच म्हैस परत मिळेल का, आणि असं करणं निसर्गाच्या विरुद्ध नाही का, हे तुमचे दोन प्रश्न.

तीच म्हैस मिळणार नाही. मिळालीच तर तिची जुळी बहीण मिळेल, पंधरा-वीस वर्षं उशिरा जन्मलेली आणि दुसऱ्याच म्हशीच्या पोटात वाढलेली. हे नीट पटायचं असेल तर म्हशीच्या आधी उसाकडे बघावं लागेल. तुम्ही करवीर तालुक्यातले आहात, म्हणजे क्लोनच्या गर्दीतच वाढलाय.

मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो, आणि गावाकडे पंचगंगेच्या काठाला घरचा दीड एकर ऊस आहे. क्लोन हा धडा आला की मी वर्गात दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाच्या कांडीचा तुकडा, घेऊन जातो आणि ती पोरांच्या हातात फिरवतो. पेराजवळ हात फिरवला की डोळा लागतो, टपोरा आणि टोकाला किंचित बाकदार. त्याच पातळीवर कांडीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं असतं. टिपरी ओल्या सरीत गेली की त्या ठिपक्यांतून मुळं सुटतात आणि डोळ्यातून कोंब वर येतो. यात ना फूल, ना परागकण, ना बी. आईची गुणसूत्रं जशीच्या तशी. क्लोन म्हणतात तो हाच. तो शब्दही मुळात झाडांसाठीच तयार झाला. ग्रीकमध्ये डहाळीला जो शब्द आहे त्यावरून 1903 साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञानं तो घेतला, कलमांपासून आणि छाटांपासून वाढवलेल्या रोपांसाठी. प्राण्यांना तो नंतर चिकटला.

आपल्याकडे घराघरात माहीत असलेला 86032 जातीचा ऊस घ्या. कोईमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत को 62198 आणि कोसी 671 या दोन जातींचा संकर झाला, त्यातून बियाणं धरलं आणि त्यातल्या एका बियापासून एक रोप उगवलं. 1986 साली त्या रोपाला हा क्रमांक मिळाला. आज शिरोळपासून राधानगरीपर्यंत जिथं जिथं 86032 उभा आहे, तो सगळा त्या एकाच रोपाचा तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेलेला देह आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी बांधावर उभा राहून कितीतरी वेळ नुसता त्या फडाकडे बघत होतो.

आता गंमत बघा. सगळं एकच रोप, तरी सगळा ऊस सारखा येतो का? आमच्या रानाचा खालचा भाग काळा, नदीकडचा. वरचा तुकडा मुरमाड. बेणं एकाच गाडीतून आलेलं, लागण एकाच दिवशी. खाली मनगटाएवढा ऊस आणि वर बोटाएवढा. आमचे आबा म्हणायचे, "बेणं योकच, पर रान येगळं हाय की." वर्गात मी जीन (जनुकं) आणि परिसर यावर तासभर बोलतो, पण या वाक्याच्या पलीकडे फारसं काही सांगत नाही. तुमच्या म्हशीचं चौदा लिटर दूध फक्त तिच्या जीनचं नव्हतं. तुम्ही घातलेली वैरण, पेंड, पाणी, तिचं पारडं असतानाचं पोषण, धार काढणारा हात, गोठ्यातली उन्हाळ्याची हवा, हे सगळं त्यात होतं. दुधाळ गायींवर झालेल्या अभ्यासांत दुधाच्या प्रमाणातला जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक-तृतीयांश आनुवंशिक असतो. बाकीचा सांभाळण्याचा आणि परिस्थितीचा.

ऊस हा असा सहज क्लोन होतो आणि म्हैस होत नाही, याचं कारण पेशींत आहे. उसाच्या डोळ्यात अशा पेशी असतात ज्यांनी अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. म्हशीच्या कातडीच्या पेशीनं मात्र ठरवलेलं असतं. तिच्यातही अख्ख्या म्हशीची माहिती असते, पण कातडीला लागणारी सोडून बाकीची बहुतेक पानं बंद करून ठेवलेली. ती पानं परत उघडता येतात हे जॉन गर्डन यांनी बेडकावर दाखवलं. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक त्यांनी केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून नवं पिल्लू वाढलं. ते संशोधन 1962 साली छापून आलं आणि त्याचं नोबेल त्यांना 2012 साली शिन्या यामानाका यांच्यासोबत मिळालं. मधली पन्नास वर्षं बघितली म्हणजे हे काम केवढं अवघड होतं ते कळतं.

सस्तन प्राण्यात, पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीपासून, ते पहिल्यांदा साधलं ते डॉली मेंढीच्या रूपानं. 5 जुलै 1996, स्कॉटलंडमधली रॉसलिन संस्था, इयन विल्मुट आणि कीथ कॅम्पबेल यांचा गट. सहा वर्षांच्या पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं, दोन्ही विजेच्या हलक्या झटक्यानं जोडलं. अशी 277 जोडलेली अंडी. त्यातून 29 भ्रूण पुढं गेले, ते काळ्या तोंडाच्या मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले आणि जिवंत जन्मली एकटी डॉली. तिचं तोंड पांढरं होतं. काळ्या तोंडाच्या आईच्या पोटातून पांढऱ्या तोंडाचं कोकरू बाहेर आलं, म्हणजे ते कुणाचं आहे ते बघताक्षणी कळत होतं. डॉली 2003 च्या फेब्रुवारीत गेली, फुफ्फुसाच्या विषाणूजन्य गाठीमुळे तिला शांतपणे मरण दिलं गेलं. क्लोन लवकर म्हातारे होतात अशी भीती तेव्हा बसली होती. पण डॉलीच्याच पेशींपासून नंतर वाढवलेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या झाल्या तेव्हा तपासल्या, त्या वयाच्या मानानं ठणठणीत होत्या.

तंतोतंत सारखेपणाबद्दल मात्र एका मांजरीची गोष्ट सांगायलाच हवी. टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीपासून, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके असलेल्या, 2001 च्या डिसेंबरात पहिलं क्लोन पिल्लू जन्मलं. त्याच्या अंगावर नारिंगी रंगाचा एकही ठिपका नव्हता. चूक झाली नव्हती. मांजरीत नारिंगी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक झोपवलेला असतो, कुठं हा, कुठं तो. म्हणून अंगावर ठिपके येतात. ज्या एका पेशीपासून पिल्लू बनलं, तिच्यात नारिंगी जीनवाला एक्स झोपलेला होता आणि तो जागा झालाच नाही. अक्षरं तीच, पण वाचली गेली वेगळी. आणखी एक बारीक फरक राहतो. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची स्वतःची थोडी आनुवंशिक माहिती असते, 37 जीन. ती अंडं देणाऱ्या मादीकडून येते, तुमच्या म्हशीकडून नाही.

म्हशीचं क्लोनिंग आपल्या देशात झालेलं आहे, आणि ते चांगलं काम आहे. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 च्या फेब्रुवारीत एक पारडी जन्मली, तिचं नाव समरूपा. ती जेमतेम काही दिवस जगली. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा झाली. पुढच्या वर्षी गरिमा-2, आणि तिनं 2013 च्या जानेवारीत महिमाला जन्म दिला, अगदी साध्या पद्धतीनं गाभण राहून. 2023 साली तिथंच गीर जातीची गंगा जन्मली. तिच्या जन्मात तीन गायी होत्या : पेशी गीर गायीची, अंडं साहिवाल गायीचं, पोट संकरित गायीचं. हे ऐकून आमच्या बायकोनं विचारलं, "मग आई कोण?" मी आजही या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही.

आता निसर्गाविरुद्ध आहे का हा प्रश्न. सारखे जीन असणं निसर्गाला परकं नाही. एकाच अंड्यातून होणारी जुळी भावंडं निसर्गातले क्लोनच आहेत, केळी, आलं, हळद असेच वाढतात. माझी खरी हरकत दोन ठिकाणी आहे. पहिली, प्राण्यांच्या हालांची. एक क्लोन जगावा म्हणून कितीतरी गर्भ मध्येच जातात, काही पिल्लं आईच्या पोटात अवाजवी मोठी होतात आणि विण्याच्या वेळी आई आणि पिल्लू दोघांचेही जीव धोक्यात येतात. समरूपाची बातमी वाचली तेव्हा मला विज्ञानाचा अभिमानही वाटला आणि त्या जिवाबद्दल वाईटही वाटलं, दोन्ही खरं होतं.

दुसरी हरकत आम्ही स्वतः भोगली. काही वर्षांपूर्वी आमच्या बेणे मळ्यातलं बेणं कमी पडलं म्हणून एका ओळखीच्या माणसाकडून बाहेरचं आणलं. तीन महिन्यांनी बघतो तर जागोजाग गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे, जाडीला काडी. गवताळ वाढ. फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजंतूचा रोग, बेण्यातून येणारा. आबांनी रोगट ठोंब मुळासकट उपटून काढले, खड्ड्यात पुरले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. क्लोन करताना चांगल्या गुणांबरोबर रोगही पुढं जातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं तेव्हा. शेतकरी जेव्हा म्हणतात की "जात थकली", तेव्हा बहुतेक वेळा जीन थकलेले नसतात. पिढ्यानपिढ्या तेच बेणं लावून त्यात खोडव्याचा खुजा रोग, काणी, विषाणू साठत गेलेले असतात. म्हणून गरम बाष्प हवेत प्रक्रिया केलेलं बेणं मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी वाढवायचं आणि तीन-चार वर्षांनी बदलायचं. उती संवर्धनातही, म्हणजे प्रयोगशाळेत बारीक तुकड्यापासून रोपं वाढवतात त्यात, शेंड्याचा अगदी बारीक तुकडा घेतात, कारण वाढत्या टोकाच्या त्या पेशींत रोग फारसा पोचलेला नसतो. पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुक गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपं तयार होतात.

आणि सगळं रान एकाच जीनचं असलं की रोगाला एकच कुलूप उघडायचं असतं. कोसी 671, म्हणजे 86032 चा बापच, साखरेला भारी होता, पण लाल कूज रोगाला बळी पडणारा. त्यामुळं तो मागं पडला. त्याच्या जागी नवीन काही उभं राहिलं ते क्लोनमुळे नाही, तर पुन्हा दोन जातींचा संकर करून. तुरा येऊन बी होणं ही जी पद्धत आपल्याला शेतात नको असते, तिच्यातूनच नवीन गुण येतात.

म्हशीसाठी एवढ्या खर्चाचं आणि जिवावरचं काम आज कुणा एका गोठ्यासाठी होत नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. संशोधन संस्था उत्तम रेड्याचे क्लोन करतात, त्यामागं हिशेब आहे : एका रेड्याच्या वीर्याच्या हजारो मात्रा करता येतात, म्हशीला वर्षाला फार तर एक रेडकू. तुमच्या म्हशीच्या पारड्या असतील, नाती असतील, तर तिचे निम्मे किंवा पाव जीन आधीच तुमच्या गोठ्यात आहेत. त्यातली जी लवकर माजावर येते, जिची कास नीट आहे, जी सहज वासराला पाजते, तिला दूध नोंदी असलेल्या रेड्याच्या वीर्यानं भरवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात रेड्याचा क्रमांक विचारा, त्याच्या आईच्या दुधाची नोंद मागा, आणि घरी वहीत रोजचं सकाळ-संध्याकाळचं दूध लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करा. म्हाताऱ्या म्हशीची सुरुवातीची वेतं कुणाला आठवत असतील तर तीही लिहून काढा, आई सांगेल नाहीतर आजी. तिची शेवटच्या वेताची पारडी आहे का, आणि किती महिन्यांची आहे, ते कळवा.