पुरात सरकारी रुग्णालयावर किती विसंबायचं?

तुम्ही विचारलंय की सांगलीत नदीकाठी राहतो, आई डायलिसिसवर आहे, २०१९ सारखा महापूर पुन्हा आला तर सरकारी रुग्णालय सांभाळून घेईल का. मी सांगलीची नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत गेली. तेव्हा तुमच्या गावच्या इमारतीबद्दल नाही, पण आपत्तीत सरकारी रुग्णालयांचं काय होतं ते सांगू शकते.

आपत्ती बाहेर घडली आणि जखमी आत आले, तर आम्ही लोकांना वाटतं त्याहून बरेच तयार असतो. गर्दी रोजचीच असते ना. वऱ्हाडाचा टेम्पो उलटल्याचा फोन आला की कुणी न सांगता वॉर्डातले मामा स्ट्रेचर दाराशी लावतात, सफाईच्या मावशी कॉरिडॉर मोकळा करतात, सिस्टर सलाइनची खोकी फोडून ठेवतात. आधी पोचतात ते किरकोळ लागलेले. त्यांना चालता येतं, मिळेल त्या गाडीत चढता येतं. सगळ्या खाटा त्यांनीच अडवल्या तर मागून येणाऱ्या, पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाला जागा उरत नाही. म्हणून दारातच लाल (लगेच उपचार हवेत), पिवळा (थोडं थांबू शकेल), हिरवा (किरकोळ), काळा (वाचण्यापलीकडचा) अशी वाटणी करायची. रंगीत पट्ट्या स्टोअरच्या कपाटात आणि किल्ली ज्याच्याकडे तो घरी, असं असायचं. मग मनगटाला चिकटपट्टी लावून पेनाने लिहायचो. काम भागायचं.

मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले, २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन पुलावर चेंगराचेंगरी झाली. अशा वेळी जखमींचा मोठा भार केईएम, सायनसारखी पालिकेची रुग्णालयंच पेलतात. २६ नोव्हेंबर २००८ ला तर अतिरेकी कामा रुग्णालयातच शिरले होते. तिथल्या एका परिचारिकेने वॉर्डाची दारं लावून वीस गर्भवतींना पॅन्ट्रीत लपवलं आणि वाचवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र मेंदूला मार लागलेला रुग्ण बहुतेक वेळा पुढे पाठवावा लागतो, आणि मग सगळं रस्त्यावर अवलंबून. २०१४ पासून १०८ ची गाडी डॉक्टरसह येते, हा मोठा फरक पडला. पण रस्ताच पाण्याखाली असेल तर गाडी काय करणार?

खरी कच्ची बाजू वेगळीच आहे. आपत्ती रुग्णालयावरच आली की आमचे हात तोकडे पडतात. ८ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ९ तारखेला, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. वॉर्मरवरचं (ऊब देणाऱ्या खाटेवरचं) बाळ उठून पळत नाही, प्रत्येकाला उचलायला दोन हात लागतात, आणि रात्रपाळीला हात मोजकेच असतात. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, तिथे अकरा. सगळं एकाच वर्षात. डॉक्टर-नर्स कमी पडतात हे खरंच, पण या तिन्ही ठिकाणी आधी घात झाला तो वायरिंग, टाकी, पाइप अशा गोष्टींचा, ज्यांच्याकडे राउंडला येणारं कुणी बघत नाही. अतिदक्षता विभागाचं उद्घाटन थाटात होतं. त्याच्या विजेचा भार कुणी मोजला, हे त्या दिवशी विचारून बघा.

मॉक ड्रिलचंही तसंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा, रुग्णालयांनी आराखडा कसा करावा याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २००७ पासून आहेत. आमच्याकडे ड्रिल व्हायचं ते सकाळी अकराला, आधी पत्र काढून, बॅनर लावून. रात्री तीनला, लाइट घालवून कधी झालं नाही. सीएस साहेबांना, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांना (सिव्हिल सर्जनना), मी एकदा म्हटलं होतं, तर ते हसले.

चांगली तयारी बघायची तर मी गडचिरोलीतल्या भामरागडचं नाव घेईन. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं तुटतात. म्हणून ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा बायकांना आशाताई आणि आरोग्यसेविका पूर येण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ त्यासाठी माहेरघरं आहेत. त्यात कुठलं मोठं यंत्र नाही, फक्त बाईची तारीख आणि नदीचा स्वभाव यांचा मेळ घातलेला असतो.

तुमच्या आईंसाठी मी हेच करायला सांगेन. डायलिसिसच्या एका वेळेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं, शिवाय न थांबणारी वीज. पुरात नेमक्या याच दोन गोष्टी आधी जातात. त्यामुळे रुग्णालय उघडं असलं, डॉक्टर हजर असले तरी मशीन चालेलच असं नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुम्ही ४० ची वाट बघू नका. धरणातून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आईंना नदीपासून लांबच्या गावी, नातेवाइकांकडे हलवा. तिथल्या डायलिसिस केंद्राशी आत्ताच, उन्हाळ्यात बोलून ठेवा. ऐन वेळी नवा रुग्ण घ्यायला जागा नसते आणि कावीळ, एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात. फाइलची झेरॉक्स, औषधांची चिठ्ठी आणि कोरडं वजन (डायलिसिसने जास्तीचं पाणी काढल्यावरचं) किती ते लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

आणि एक. मदत केंद्रात बहुतेक वेळा केळी वाटतात, कुणी शहाळंही देतं. डायलिसिस चुकलेलं असताना त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आई जिथे असतील तिथल्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, आणि चुकलेल्या दिवसांत पाणी किती, खायचं काय, हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.