मेजर आरशात धरला की मायनर दिसतो का? पेटीवर बघा

"मेजर आणि मायनर म्हणे एकमेकांची आरशातली रूपं आहेत. पेटीवाल्याला कळेल असं कुणी सांगेल का?" असं तुम्ही विचारलंय. मेजर, मायनर म्हणजे पाश्चात्त्य संगीतातले सप्तकाचे आणि कॉर्डचे दोन प्रकार. मी परभणीकडे भजनाला पेटी धरतो, तर पेटीवरच सांगतो.

पांढरी दोनवर, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, बोट ठेवा. तिथून डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, पट्ट्या सारख्याच लागतात: काळी, पांढरी, पांढरी, काळी. म्हणजे आरसा इथं उभा आहे. (दुसरा काळी चारवर.) आता उजव्या हातानं पांढरी एकपासून वर चढा, डाव्यानं पांढरी तीनपासून खाली उतरा, दोन्ही पांढऱ्यांवरूनच. डावा हात भात्यावर असतो, म्हणून मी पुतण्याला भाता मारायला बसवलं. उजवा हात बिलावल वाजवतो, म्हणजे मेजर. डाव्याचे स्वर पांढरी तीनला सा धरून बघा, रे ग ध नि कोमल. भैरवी!

कॉर्डचंही, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचंही, तेच. उजवीकडं एक-तीन-पाच, म्हणजे सा ग प: आधी ४ अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या धरून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे एक), मग ३. डावीकडं तीन-एक-सहा, खाली ४, मग ३. तेच पांढरी सहापासून वर मोजलं की ३ आणि ४, म्हणजे मायनर कॉर्ड. कॉर्डपुरतं तुम्ही ऐकलंत ते बरोबर. सप्तकाचं मात्र तसं नाही, कारण नेहमीचा मायनर म्हणजे आपला आसावरी थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा), आणि तो खमाजचा आरसा आहे.

१९व्या शतकात जर्मन पंडित ह्यूगो रीमान याच्याही पुढं गेले. तारेतून मूळ स्वरासोबत वरचे मंद उपस्वर निघतात, त्यात ४, ५, ६ क्रमांकाचे मिळून मेजर कॉर्ड होतो. तसेच खालचे उपस्वरही असतात आणि त्यांतून मायनर येतो, असं त्यांचं म्हणणं. पण छेडलेल्या तारेतून तसे खालचे स्वर निघत नाहीत. शिवाय कान खालून मोजतो, सा धरून. आरसा कागदावर असतो.

आमच्याकडं हा खेळ चालू असताना मंडळातले एक आजोबा आत आले आणि दारातच थबकले. "भैरवी वाजवायलात? संपलं का भजन?" उलटा बिलावल त्यांना ऐकूच आला नाही.

काफी आणि भैरव उलटवून बघा, जसेच्या तसे परत येतात. कल्याण उलटवला तर पंचमच (प) हातून जातो. तसला थाट आपल्या दहा थाटांत नाहीच.