डेटाबेसमधलं स्वतःचं फंक्शन: व्याख्येच्या पुढे काय शिकायचं?

प्रश्न: मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय व्यवस्थित जमतं. एका मुलाखतीत 'डेटाबेसमध्ये स्वतःचं फंक्शन लिहिलंय का? ते प्रोसिजरपेक्षा वेगळं कसं?' असं विचारलं. मी पाठ केलेली व्याख्या सांगितली आणि पुढच्या प्रश्नाला गप्प बसले. यात करिअर होतं का? कोणता डेटाबेस घ्यावा आणि किती खोलात शिरावं? – एक विद्यार्थिनी

उत्तर: डेटाबेसचा प्रश्न आधी निकालात काढू. पोस्टग्रेस घे. तो फुकट आहे, लॅपटॉपवर चालतो आणि चूक केलीस की बहुतेकदा कारणासकट अडवतो. पुढे नोकरी ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवर लागली तरी मुख्यतः वाक्यरचनेचा फरक पडतो, आणि तो हाताखालून काम गेलं की अंगवळणी पडतो.

नुसती फंक्शन्स लिहिण्याची वेगळी नोकरी सहसा नसते. डेटाबेस डेव्हलपर, डेटा इंजिनिअर, बॅकएंड डेव्हलपर यांच्या कामाचा तो एक भाग. मात्र जुनी प्रणाली ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर हलवताना तेच मुख्य काम होऊन बसतं. दोन्हीकडची भाषा दिसायला सारखी, त्यामुळे चुका लपतात. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणजे नलच, म्हणजे 'मूल्यच नाही'. पोस्टग्रेसमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नाव नल असेल तर नाकार' ही अट जशीच्या तशी उचलली, तर रिकामं नाव बिनबोभाट आत शिरतं. एररसुद्धा येत नाही.

आता मुलाखतीतला प्रश्न. फंक्शन मूल्य परत देतं आणि क्वेरीच्या आत, सिलेक्टमध्ये किंवा व्हेअरमध्ये बसतं. प्रोसिजर 'कॉल' लिहून स्वतंत्र चालवायची. पोस्टग्रेसमध्ये ती २०१८ साली, ११व्या आवृत्तीत आली. तिच्या आत कमिट करता येतं, म्हणजे तोवरचे बदल कायम करता येतात. फंक्शनमध्ये नाही, कारण ते बाहेरच्या क्वेरीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) चालतं. लाखो ओळी टप्प्याटप्प्याने बदलून दर टप्प्याला कमिट हवं असेल, तर प्रोसिजर. एवढं उत्तर पुरे. यापुढचे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, म्हणून एकच फंक्शन घे आणि तडीस ने.

समजा, ग्राहकांच्या टेबलात फोन नंबर कसेही भरलेत: कुठे डॅश, कुठे कंस, कुठे मोकळी जागा. फक्त आकडे ठेवणारं फंक्शन पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या फंक्शन लिहायच्या भाषेत, लिही. टेक्स्ट घ्यायचं, टेक्स्ट द्यायचं; आत 'रेजएक्स्प_रिप्लेस' वापरून आकडे सोडून बाकी सगळं काढायचं. पहिली ठेच इथेच लागते. चौथा पॅरामीटर 'जी' द्यायचा राहिला, तर फक्त पहिलं जुळणारं अक्षर निघतं: '५५५-१२३-४५६७' चं '५५५१२३-४५६७' होतं. एकच डॅश असलेल्या नंबरवर चाचणी घेतलीस तर ही चूक दिसणारच नाही. नल आणि रिकामी स्ट्रिंगही देऊन बघ.

मग 'जनरेट_सिरीज'ने दहा लाख ओळी भर आणि व्हेअरमध्ये हे फंक्शन लावून एक नंबर शोध. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली तो प्लॅन आणि वेळ दाखवणारी आज्ञा) सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळ्या ओळी एकेक करून तपासणं, दिसेल, फोनच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असला तरी. त्या इंडेक्समध्ये मूळ नंबर आहेत, साफ केलेले नाहीत. म्हणून फंक्शनच्या निकालावरच इंडेक्स बांधायला जा. पोस्टग्रेस अडवेल: इंडेक्समधलं फंक्शन इम्युटेबल हवं.

या एररपाशी थांब, कारण मुलाखतीतले पुढचे प्रश्न बहुधा इथूनच निघतात. तू काही सांगितलं नाहीस तर फंक्शन व्होलटाइल धरलं जातं, म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येऊ शकतं. स्टेबल म्हणजे एका क्वेरीपुरतं उत्तर तेच. इम्युटेबल म्हणजे तोच इनपुट दिला की कायम तेच उत्तर. जन्मतारखेवरून आजचं वय काढणारं फंक्शन स्टेबल. त्याला इम्युटेबल म्हटलंस तरी पीएल/पीजीएसक्यूएलच्या बाबतीत पोस्टग्रेस खातरजमा करत नाही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून इंडेक्स बांधतो आणि त्यात जुनी वयं तशीच पडून राहतात.

आपलं फोनचं फंक्शन मात्र खरंच इम्युटेबल आहे. तसं लिही, इंडेक्स बांध, अ‍ॅनालाइझ चालव (टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा), प्लॅन पुन्हा बघ. आता मुद्दाम बिघडव: 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने सुरुवातीची शून्यं काढायची सोय घाल. इंडेक्समधले निकाल जुनेच राहतात. शून्याने सुरू होणारा एखादा नंबर शून्याशिवाय शोधलास तर इंडेक्समार्गे सापडणार नाही. 'इनेबल_इंडेक्सस्कॅन' आणि 'इनेबल_बिटमॅपस्कॅन' या इंडेक्स वापरण्याच्या सेटिंग्ज ऑफ केल्यास की तोच नंबर सापडेल. एकाच क्वेरीची दोन उत्तरं! उपाय रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले उमेदवार फार थोडे असतात.

हेच फंक्शन साध्या एसक्यूएल भाषेतही लिहून बघ. प्लॅनच्या फिल्टर ओळीत फंक्शनचं नाव गायब होऊन थेट 'रेजएक्स्प_रिप्लेस' दिसेल. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) छोटं एसक्यूएल फंक्शन क्वेरीत मिसळून टाकू शकतो, पीएल/पीजीएसक्यूएलचं नाही.

फंक्शन कुठे लिहू नये, हेही शिकून घे. ग्राहकाचा क्रमांक घेऊन नाव देणारं, आत सिलेक्ट असलेलं फंक्शन एक लाख ओळींच्या यादीत वापरलं की आतली क्वेरी लाख वेळा चालते. वर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ आतल्या क्वेरीचा प्लॅन दाखवत नाही, नुसता एकूण वेळ वाढलेला दिसतो. तिथे जॉइनच हवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्केलर, म्हणजे एकच मूल्य देणाऱ्या, फंक्शनची हीच रडकथा होती. २०१९च्या आवृत्तीपासून काही अटींत तो ती फंक्शन्स क्वेरीत विरघळवतो.

आणखी एक खोडी: पॅरामीटर वाढवून 'क्रिएट ऑर रिप्लेस' केलंस तर जुनं फंक्शन बदलत नाही, त्याच नावाचं दुसरं तयार होतं. नव्या पॅरामीटरला डीफॉल्ट नसेल तर जुन्या पद्धतीचा कॉल जुन्याच फंक्शनकडे जातो आणि 'बदल का दिसत नाही' म्हणून दिवस वाया जातो; डीफॉल्ट असेल तर दोन्हींपैकी कोणतं ते ठरत नाही आणि एरर येते. आधी ड्रॉप फंक्शन, मग नवं.

मायएसक्यूएलवर हात फिरवायचा असेल तर दोन गोष्टी पुरेत: डिलिमिटर (आज्ञा कुठे संपली ते सांगणारं चिन्ह) बदलणं, आणि १४१८ क्रमांकाची एरर. बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) चालू असताना 'डिटर्मिनिस्टिक', 'नो एसक्यूएल' किंवा 'रीड्स एसक्यूएल डेटा' यांपैकी काहीच लिहिलं नाही, तर ती येते.

बायोडेटात कौशल्यांखाली 'स्टोअर्ड फंक्शन्स' असा शब्द टाकून काही साधत नाही. फोनच्या फंक्शनची एसक्यूएल फाइल, चाचणीचे इनपुट, इंडेक्सच्या आधीचा आणि नंतरचा प्लॅन, आणि रीइंडेक्सचा प्रयोग हे सगळं गिटवर ठेव आणि बायोडेटात त्याची लिंक दे.