स्टुअर्टचे ग्लेन आजोबा

प्रश्न : मावशी, तुम्ही व्हर्जिनियात राहात होतात. अमेरिकेतल्या नॅस्कार मोटारशर्यतींतलं कुणी बडं माणूस भेटलं का?

उत्तर : भेटलं तर! ग्लेन वुड. २०१९ मध्ये, ९३व्या वर्षी गेले. स्टुअर्ट गावातल्या त्यांच्या संग्रहालयात, २१ नंबरच्या लाल-पांढऱ्या फोर्डजवळ भेटले. शर्यतीच्या संघाचे मालक, पण रुबाब शून्य. मूळचा धंदा लाकूडतोडीचा. १९५०मध्ये भावांसोबत संघ काढला. मी १९६५च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीचं विचारलं. तिथे शर्यतपटू जिम क्लार्कच्या गाडीत या भावांनी इतक्या झटपट इंधन भरलं, की बघणारे चाट पडले! आजोबा नुसते हसले आणि सगळं श्रेय धाकट्या भावाला, लिओनार्डला देऊन मोकळे. मग आमच्या ह्यांच्याशी जुन्या इंजिनांवर गप्पा रंगल्या. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.